रबाळ्याच्या पीसीबीवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

एचिंगला (नको असलेलं तांबं रसायनाने काढायला) सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, घालण्याआधी तुमचा फोन आला होता : "फिल्मवरची अक्षरं उलटी दिसतायत, असंच हवंय का?" (फिल्म म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या आकारांचा छापा.) त्या एका फोनसाठी हे पत्र. आभार तोंडी मानले आहेतच, पण तुम्ही काय वाचवलंत ते अँटेना बनवणाऱ्या इतरांनाही कळायला हवं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

तो बोर्ड नाविकच्या (भारताच्या दिशादर्शक उपग्रहांच्या) एस बँडसाठी होता, २४९२.०२८ मेगाहर्ट्झ. उपग्रहाचा सिग्नल उजव्या वर्तुळाकार पोलरायझेशनचा, म्हणजे लहर उजवीकडे फिरत येते. २×२ अ‍ॅरे, म्हणजे चार पॅच (तांब्याचे चपटे अँटेना) एकत्र, पॅचमधलं अंतर ७८ मिमी. प्रत्येक चौकोनी पॅचचे समोरासमोरचे दोन कोपरे कापलेले. पॅच ०, ९०, १८०, २७० अंशांत फिरवलेले आणि फीडची (पॅचपर्यंत सिग्नल नेणाऱ्या लाइनची) फेजही, म्हणजे लहरीचा टप्पाही, त्याच क्रमाने. असा एकटा पॅच ३ डीबीच्या आत अ‍ॅक्शियल रेशो (पोलरायझेशन वर्तुळाच्या किती जवळ आहे याचं माप) जेमतेम १ टक्का बँडविड्थपुरता टिकवतो. चौघं क्रमाने फिरवले की एकाचा दोष दुसरा खोडतो आणि बँडविड्थ कितीतरी वाढते.

फेजचा क्रम पॅचच्या उलट दिशेने गेला तर समोरच्या दिशेला चौघं एकमेकांना मारतात, आणि ती चूक मोजताना लगेच सापडते. फिल्म आरशासारखी उलटली की मात्र पॅच, कोपरे, फीड सगळं एकदमच उलटतं. तयार होतो तो उत्तम डावा अँटेना. एस११ (अँटेनावरून परतणाऱ्या सिग्नलचं माप) तोच, अ‍ॅक्शियल रेशोही तोच. व्हीएनएला (एस११ मोजणाऱ्या यंत्राला) डावं-उजवं कळत नाही. रिसीव्हर जोडल्यावर १५ डीबी किंवा त्याहून जास्त सिग्नल गायब, आणि शोध सुरू होतो केबलमध्ये, एलएनएमध्ये (क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागात), सगळीकडे, बोर्ड सोडून! तुमच्या फोननंतर आम्ही पॅचच्या बाजूने सरळ वाचता येईल असा 'उजवा' हा शब्द आणि बाण तांब्यातच घालतो. सगळ्यांनीच घालावं.

एचिंगनंतर तुम्ही १०० ओहमची लाइन मायक्रोस्कोपखाली मोजलीत, तेही न सांगता. १.५२४ मिमी जाडीच्या आरओ४००३सी (बोर्डचं मटेरियल) वर ती ०.८६ मिमी हवी होती, ०.८० भरली. ३५ मायक्रॉन तांबं कडेकडेने खाल्लं जातंच. लाइन अरुंद झाली की तिचा इंपीडन्स सुमारे ३ ओहम वर जातो. पुढच्या फिल्मला दोन्ही कडांना ०.०३ मिमी वाढवून द्या, हे तुम्हीच सुचवलंत.

आणि विल्किन्सन डिव्हायडरचे (सिग्नल दोन हातांत वाटणाऱ्या भागाचे) ते रेझिस्टर. डिव्हायडरचे दोन्ही हात डीसीला एकत्रच असतात, त्यामुळे रेझिस्टर सुटला असला तरी मल्टिमीटर शून्यच दाखवतो. एका रेझिस्टरच्या टोकाला सोल्डर नुसतं टेकलं होतं, पकडलं नव्हतं. तुम्ही भिंग लावून ते पाहिलंत आणि बोर्ड परत गरम केलात. तसाच गेला असता, तर पॅचवरून परतलेली पॉवर रेझिस्टरमध्ये जिरली नसती. दुसऱ्या पॅचकडे जाऊन तिने बँडच्या टोकांना अ‍ॅक्शियल रेशो बिघडवला असता.

पॅचवर सोल्डर मास्क (बोर्डवरचा रंगाचा थर) नको, निकेल-सोन्याच्या मुलाम्याऐवजी इमर्शन सिल्व्हर (चांदीचा पातळ मुलामा), हेही तुम्ही प्रत्येक वेळी विचारून घेता. निकेलमध्ये लॉस वाढतो, म्हणून हा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो.

पुढच्या आठवड्यात ४×४ ची फिल्म पाठवतो आहोत. बाण घातला आहे. तरी शंका आली तर फोन कराच, रात्री कितीही वाजले असू देत.

तुमचे,
ऐरोलीची अँटेना मंडळी