दगडावर आकडा आहे. नावे कुठे आहेत?

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : दोन्ही महायुद्धांत गेलेल्या महाराष्ट्रातील सैनिकांच्या नोंदी शोधून त्या गावनिहाय आणि मराठीत सर्वांसाठी खुल्या करण्याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

सातारा, रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांतील अनेक गावांत चावडीच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात एक छोटी दगडी पाटी बसवलेली दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धासाठी या गावातून इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. गावाचे नाव असते, दोन आकडे असतात. माणसाचे नाव एकही नसते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या एका गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, आणि आजही तिथल्या घराघरांतून माणूस सैन्यात जातो. अशा पाट्यांवरच्या आकड्यांमागची नावे आपल्या शासनाने शोधावीत, ही विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ त्या युद्धावर गेले आणि परतले नाहीत. ‘बसऱ्याला गेला तो गेलाच’, एवढे एकच वाक्य त्यांच्याविषयी आमच्या घरात शिल्लक होते. त्यांना मूलबाळ नसल्यामुळे वंशावळीत त्यांच्या नावापुढची रेघ तिथेच थांबली होती, आणि मृत्यूची तिथी कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्यांचे पान सर्वपित्री अमावास्येला वाढले जाई. आजी गेल्यानंतर तिच्या पेटीत, धोतराच्या चिंधीत गुंडाळलेले एक चांदीचे पदक सापडले. एका बाजूला इंग्लंडच्या राजाचे मुख आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला पुरुष, एवढे आम्ही लहानपणीही पाहिले होते. या वेळी मात्र पदकाच्या कडेवरून बोट फिरवताना खरखर जाणवली. भिंग धरले तेव्हा कडेवर ठोकलेली बारीक इंग्रजी अक्षरे दिसली : आधी एक क्रमांक, मग हुद्दा, मग त्यांचे नाव आणि शेवटी ‘११० मराठा एल. आय.’ ज्या माणसाविषयी शंभर वर्षांत काहीच कळले नव्हते, त्याचा सैनिकी क्रमांक आणि पलटण आमच्याच घरात होती. पदकाच्या कडेला असा मजकूर असतो हे माहीत नसल्यामुळे किती घरांनी अशी पदके चांदीच्या भावाने मोडीत घातली असतील, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

पलटण कळल्यावर पुढचा रस्ता उघडला. ११० वी मराठा लाइट इन्फंट्री ही सहाव्या पुणे डिव्हिजनमधली पलटण. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, या डिव्हिजनला तुर्की सैन्याने डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे वेढले, आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे १३ हजार माणसांनी २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. त्यांत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणींचे शिपाई होते. कैद्यांना वाळवंटातून मैलोन्‌मैल चालवत नेण्यात आले आणि भारतीय शिपायांपैकी अनेकांना रास अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. महायुद्धांतील मृत सैनिकांच्या समाध्या आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या संकेतस्थळावर क्रमांकावरून शोध घेतल्यावर आमच्या माणसाची नोंद मिळाली. १९१६ मधली एक तारीख, वडिलांचे नाव, चुकीच्या स्पेलिंगमध्ये आमच्या वाडीचे नाव आणि ‘बसरा मेमोरियल’ असा उल्लेख त्यात होता. त्या दिवशी माझ्या ऐंशी वर्षांच्या काकांनी पंचांग काढून त्या तारखेची तिथी पाहिली.

मंत्रिमहोदय, बसरा मेमोरियलविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्यांची समाधी सापडली नाही अशा ४० हजार ५०० हून अधिक सैनिकांचे ते स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली आणि भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. भारतीय शिपायांचा मात्र पलटणीपुढे केवळ आकडा कोरण्यात आला. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत आणि त्यांत साधे शिपाईही आहेत. म्हणजे एकाच सैन्यातला, एकाच हुद्द्याचा माणूस फ्रान्समध्ये पडला तर नावानिशी राहिला आणि इराकमध्ये पडला तर आकड्यात गेला. कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात ही विषमता मान्य केली. आशिया आणि आफ्रिकेतील किमान १ लाख १६ हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतही, नोंद नावानिशी झाली नाही किंवा मुळीच झाली नाही, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. ज्या संस्थेने ही चूक केली तिने ती लिहून कबूल केली, याचे मला मोल वाटते. आपल्या बाजूने आपण काय केले, हा प्रश्न मात्र त्यानंतर आपल्यापुढे येतो.

पंजाबचे उदाहरण पाहावे. युद्ध संपल्यावर तिथल्या सरकारने गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या तयार करून घेतल्या होत्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शंभर वर्षे पडून होत्या. ब्रिटनमधील ग्रीनिच विद्यापीठ आणि तिथल्या पंजाबी वारसा संस्थेने त्या संगणकावर आणल्या आणि २०२१ पासून त्या लोकांना पाहता येऊ लागल्या. त्यांत सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी आहेत. मुंबई इलाख्यासाठी असे काम कोणी हाती घेतलेले मला आढळले नाही. आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयांच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या काळातील भरतीचा पत्रव्यवहार, वारसांच्या पेन्शनची प्रकरणे आणि पुढच्या काळातील सोल्जर बोर्डाची कागदपत्रे यांतले नेमके काय टिकून आहे, याची एकत्र यादी तरी शासनाने एकदा करावी. कागदांचा कोणता रुमाल, म्हणजे गठ्ठा, कोणत्या फडताळात आहे हे ठाऊक असलेला कर्मचारी निवृत्त झाला की तो रुमाल असूनही नसल्यासारखा होतो.

हे काम अशक्य आहे असे कोणी आपल्याला सांगितले तर २०२३ ची आठवण करून द्यावी, अशी माझी विनंती आहे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभरातील तहसील आणि जिल्हा कार्यालयांचे जुने दप्तर बाहेर निघाले, मोडी वाचणारे जाणकार शोधून आणले गेले, कागद स्कॅन झाले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. आरक्षणाच्या प्रश्नावर मला येथे काही म्हणायचे नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की शासनाने मनावर घेतले तर काही महिन्यांत हे होऊ शकते आणि एकदा झालेले आहे. त्या वेळी तपासलेल्या कागदांत गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीही होत्या. १९१४ ते १९१९ या काळात लढाईवर मेलेल्या माणसाची नोंद त्याच्या गावी झाली होती का, आणि झाली असल्यास कोणत्या शब्दांत, हे त्याच स्कॅन केलेल्या पानांवरून आता पाहता येईल. त्यासाठी नव्याने धूळ झटकावी लागणार नाही.

ज्या पलटणींचा वारसा चालू आहे, त्यांच्या सैनिकांचा माग काढणे त्यातल्या त्यात सोपे आहे. १९२२ च्या फेररचनेत जुन्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि तीच आजची मराठा लाइट इन्फंट्री, जिचे केंद्र बेळगाव येथे आहे. परंतु १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये बरखास्त करण्यात आली, आणि आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये नव्याने उभी राहिली. मधल्या वीस वर्षांत त्या जुन्या पलटणीच्या माणसांना ‘आपले’ म्हणणारे सैनिकी कार्यालयच नव्हते. खेचरे हाकणारे, सामान वाहणारे, स्वयंपाकी, भिश्ती, मोची यांची स्थिती याहून वाईट आहे. त्यांना ‘फॉलोअर’ म्हणत आणि त्यांच्या पदकाचा धातूही चांदीऐवजी काशाचा असे. कोकणातून व्यापारी जहाजांवर गेलेले खलाशी तर सैनिकांच्या यादीतच बसत नाहीत; त्यांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे, पण तिथे आपल्या खापरपणजोबांचे नाव असू शकते हे कोकणातल्या किती घरांना माहीत असेल? कोणतीही यादी करताना या माणसांपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

नावे सापडली तरी ती वाचता येणे हा वेगळाच प्रश्न आहे. इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेले नाव आज मराठी माणसाला ओळखू येत नाही. इंग्रजी अक्षरांत ‘ळ’ नाही, म्हणून काळे, माळी आणि साळुंखे शोधताना आधी त्यांचे विद्रूप रूप मनात धरावे लागते. एकट्या जाधव आडनावाची चार-पाच स्पेलिंग होतात, आणि अनेक नोंदींत आडनावच नसते, फक्त स्वतःचे आणि बापाचे नाव असते. खेड नुसते म्हटले तर रत्नागिरीतले की पुण्यातले, हे पुढचा शब्द वाचल्याशिवाय कळत नाही. रायगड जिल्हा त्या कागदांत कुलाबा आहे. मालवणचा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात आहे, कारण सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. सावंतवाडी, भोर आणि कोल्हापूर तर तेव्हा संस्थाने होती. या सगळ्याचा मेळ लंडनमध्ये बसलेला अभ्यासक घालू शकणार नाही. तो तलाठी, गावातला जुना शिक्षक आणि देवनागरीत गावनिहाय शोधता येईल अशी सूची, या तिघांच्या मदतीनेच बसेल.

माझा एक अनुभवही सांगते. आमच्या माणसाच्या वारसाला पेन्शन मिळाली होती का, हे पाहण्यासाठी मी एका शासकीय कार्यालयात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. मला वारस दाखला आणण्यास सांगण्यात आले. १९१६ मध्ये निपुत्रिक मेलेल्या माणसाचा वारस दाखला आज कोणत्या न्यायालयातून आणायचा, याचे उत्तर त्या टेबलापाशी कोणाकडेच नव्हते. समोरचा कर्मचारी उद्धट नव्हता. त्याच्याजवळ असलेल्या नियमात माझ्यासारख्या अर्जदाराला जागाच नव्हती. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ पासून आपल्याकडे आहे. शंभर वर्षे उलटून गेलेल्या सैनिकी आणि पेन्शनविषयक नोंदी पाहण्यासाठी नात्याचा कोणताही पुरावा मागू नये, असे एक परिपत्रक आपण काढले तरी माझ्यासारख्या शेकडो लोकांचे हेलपाटे वाचतील.

दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींबाबत तर अधिक घाई आहे, कारण त्या सैनिकांची मुले अजून हयात आहेत. इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, यांचे नाव तिथल्याच कॅसिनो या गावातील युद्धस्मारकावर आहे आणि २०२३ मध्ये इटलीतील मोन्तोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघडी उभारण्यात आली, याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटतो. त्याच मोहिमेत, त्याच पलटणींत असलेल्या बाकीच्या शिपायांच्या लेकी आज ऐंशीच्या पुढे आहेत. बापाची तारीख त्यांना त्या असेपर्यंत कळली पाहिजे.

म्हणून माझी विनंती आहे की आपल्या विभागाने पुराभिलेख संचालनालय, महसूल विभाग आणि सैनिक कल्याण विभाग यांना एकत्र बसवून प्रथम एकच तालुका हाती घ्यावा. त्या तालुक्यातील दगडी पाट्यांची छायाचित्रे, कमिशनच्या नोंदी, गाव नमुना १४ ची पाने आणि लोकांच्या घरातील पदकांच्या कडांवरचा मजकूर एकमेकांशी ताडून पाहावा. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे आणि संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे जे असेल ते मिळवण्यासाठी राज्य शासनाने स्वतः पत्र लिहावे. एकट्या नागरिकाच्या पत्राला तिथे वजन नसते. नावे निश्चित झाली की त्या गावच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवावीत, चुका गावाकडूनच दुरुस्त करून घ्याव्यात आणि मगच जुन्या दगडाला हात न लावता त्याच्या शेजारी नावांची पाटी बसवावी.

आमच्याकडील पदकाच्या कडेची छायाचित्रे, वंशावळ आणि आमच्या गावच्या पाटीचा ठसा मी पुराभिलेख संचालनालयाच्या मुंबई कार्यालयात जमा करण्यास तयार आहे. ते कोणत्या अधिकाऱ्यांकडे द्यावे, एवढे कृपया कळवावे.

आपली विश्वासू,
११० व्या मराठा पलटणीतील एका शिपायाची चुलत पणती