तिकीट एक, वेळापत्रके मात्र अकरा

महोदय,
ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ अ‍ॅपवर लोकल, मेट्रो, तसेच मुंबईची बेस्ट, ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी या बससेवा अशा ११ सेवांचे तिकीट मिळते. पण वाहन बदलले की किमान भाडे पुन्हा नव्याने. बेस्टच्या साध्या बसला मे २०२५ पासून १० रुपये. ९० मिनिटांत दुसरे वाहन पकडल्यास हे किमान भाडे माफ करून या सेवांनी उत्पन्न आपसात वाटावे. तोट्यातले परिवहन उपक्रम याला सहजी तयार होणार नाहीत, म्हणून भरपाई राज्याने द्यावी.

आणि स्टेशनवरून प्रवाशांची ने-आण करणारी फीडर बस? ती आगाराच्या ड्युटीनुसार सुटते, लोकलनुसार नव्हे. गाडी पाच मिनिटे लेट, की बस गेलेली! रात्री दहानंतर बस अर्ध्या तासाने असेल, तर ती पाच-सात मिनिटे रोखण्याचा अधिकार स्टेशनवरच्या स्टार्टरला, म्हणजे बस सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, द्या. गर्दीच्या वेळी मात्र नको; मागच्या बस तुंबतात.

– एक वाचक, ठाणे