मंत्रिमहोदय, पेपरात शब्दाचा सूरही विचारा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात नववीला मराठी शिकवते. ‘निर्वासित’ला समानार्थी शब्द विचारला की मुलं ‘विस्थापित’ लिहितात, गुण मिळतो, विषय संपतो. १९४३ ते १९४८ या काळात शहराजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. पुढे तिथेच फाळणीत घरदार सुटलेले सिंधी आले. इतक्या जवळ हे घडलं, तरी आमच्या मुलांसाठी ‘निर्वासित’ हा एका गुणाचा शब्द आहे.

यंदा वर्गात ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या रोजनिशीचा अनुवाद वाचायला घेतला. १२ जून १९४२ला, तेराव्या वाढदिवशी तिला वही मिळाली. महिनाही झाला नाही तोच नाझींपासून वाचायला घरच्यांबरोबर ॲमस्टरडॅममध्ये लपावं लागलं. त्याआधीच्या, २० जूनच्या नोंदीत ज्यूंवरची बंधनं एकामागून एक येतात. सायकली जमा करायच्या, ट्रॅममध्ये बसायचं नाही, खरेदी दुपारी तीन ते पाचमध्येच. सूर कोणता, असं विचारलं. ‘रागाचा’, ‘दुःखाचा’ अशी पाठ उत्तरं आली. कुठल्या शब्दात राग आहे तो दाखवा, म्हटलं. सगळे पानात डोकं घालून शोधू लागले, सापडेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे नोटीस बोर्डावरचं वाचल्यासारखं वाटतंय.” उरलेला तास आम्ही त्यावरच बोललो.

नंतर २०१९च्या महापुरावर घरी विचारून एक पान लिहायला सांगितलं. शिरोळकडच्या एका मुलानं ‘आम्ही शाळेत राहायला गेलो’ हे वाक्य खोडून ‘आम्हाला शाळेत नेऊन ठेवलं’ असं केलं होतं. का रे खोडलंस? तर म्हणे, “आजी म्हणाली, आपण गेलो नव्हतो.” व्याकरणात दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. त्याला फरक कळला, आणि तो त्याचा त्याला कळला.

साहेब, २८ मार्च १९४४ला नेदरलँड्सच्या परागंदा सरकारचे शिक्षणमंत्री बोल्केस्टाइन लंडनहून रेडिओवर म्हणाले होते, की युद्धानंतर लोकांच्या रोजनिश्या आणि पत्रं जमा करायला हवीत. लपलेल्या ॲननं ते ऐकलं आणि मे महिन्यात सगळी वही सुट्या कागदांवर नव्यानं लिहायला घेतली, आपलेच जुने शब्द पारखत. ४ ऑगस्टला तिला पकडून नेलं. एका शिक्षणमंत्र्याच्या बोलण्यानं एवढं झालं, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

समानार्थी शब्दांचा प्रश्न राहू द्या. त्याच्या शेजारी एवढं विचारा: ‘या उताऱ्याचा सूर कोणता? कोणत्या शब्दांवरून कळला?’ आठवी ते दहावीला एखाद्या रोजनिशीची निदान दहा पानं सलग वाचायला तासिका द्या, कारण चार ओळींच्या उताऱ्यात सूर धरता येत नाही. आणि कृपा करून नमुना उत्तरात एकच सूर छापू नका. ‘नोटीस बोर्डासारखा’ लिहिणाऱ्या मुलीलाही गुण मिळाले पाहिजेत.

आपली,
मराठीची एक शिक्षिका, कोल्हापूर