उद्याचे शेवटचे स्कूबा डाइव्ह: सगळ्यांनी वाचा

मंडळी, उद्या सकाळी 6:30 ला जेट्टीवर या, बोट थांबणार नाही. दोन डाइव्ह आहेत आणि 11 च्या आत सगळे पाण्याबाहेर हवेत, कारण परवा सकाळी 9 ची फ्लाइट आहे आणि अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जावे लागतात, शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळूच निघतो, घाई केली तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून दुपारी "अजून एकच" कोणी मागू नका प्लीज, आणि घाटरस्त्याने उंचावर फिरायलाही जाऊ नका.

- खोल डाइव्ह आधी, उथळ नंतर
- वर येताना 5 मीटरवर 3 मिनिटं सेफ्टी स्टॉप (थांबायचं)
- सर्दी असेल तर आत्ताच सांगा
- रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र), बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) गोड्या पाण्यात धुवून संध्याकाळपर्यंत वाळवा

प्रवाळाला हात लावू नका, खूप सुंदर आहे ते!