कोकणातला दमट वारा आणि जपानी कागद

महोदय,

वस्तूंतही जीव असतो, या जपानी धारणेवरची कलाप्रदर्शने कोकणात भरवणाऱ्यांसाठी थोडे.

'हारी-कुयो' विधीत मोडक्या सुया मऊ तोफूत (सोयाबीनच्या पनीरात) खोचून त्यांचे आभार मानतात; तोक्योत ८ फेब्रुवारीला. खंडेनवमीला कोयती पूजणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला लांबलचक फलक कशाला? फरक तेवढा लिहा: आपण चालते अवजार पूजतो, ते थकलेल्या सुईला निरोप देतात. मांडणीतला तोफू मात्र रोज बदला, इथल्या उकाड्यात तो लगेच आंबतो.

शिमेनावा म्हणजे भाताच्या पेंढ्याचा पवित्र दोर. त्याचा पीळ बहुधा डावा, नेहमीच्या दोराच्या उलट. इथेच हमखास चूक होते. पेंढा ओलसर करून कुटावा, मग वळावा आणि सावलीत पूर्ण वाळवूनच टांगावा. आत ओल राहिली की काळी बुरशी आलीच.

कागदी कामे जांभ्याच्या भिंतीला थेट चिकटवू नयेत, मागे बोटभर हवा खेळू द्यावी. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की बुरशी धरते, खळीला कसर लागते ती वेगळीच. म्हणून पावसाळा टाळा. दिवाळीनंतर नवा पेंढाही मिळतो.

– एक मांडणीकार, वेंगुर्ले