शेटजींचा कुत्रा, हमालाची पोटरी

महोदय,

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये मी हिशेब लिहितो. शेटजींचा कुत्रा रोज त्यांच्याच गाडीतून येतो आणि ऑफिसात एसीसमोर पसरतो. "काही करस नही तो," हे शेटजींचं पालुपद. गेल्या महिन्यात बिल्टी घ्यायला आत आलेल्या हमालाच्या पोटरीत त्याने दात रुतवले. शेटजींनी 500 ची नोट काढली, वर "तू घाबरून पळाला, म्हणून चावला" हेही ऐकवलं! रेबीजची लस एका सुईत संपत नाही. दर खेपेला त्याची मजुरी बुडाली ती वेगळीच.

कर्मचारी भरपाई कायदा 1923 पासून होता; 2025 मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण मुद्दा तोच. कामाच्या ओघात, कामामुळे इजा होऊन माणूस 3 दिवसांहून जास्त कामाला मुकला, तर भरपाईचा दावा मालकावर येऊ शकतो. शिवाय पाळलेल्या जनावराबाबत हयगय केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कुत्रा आणूच नका, असं नाही. पण साखळी, लसीचं कार्ड? तपासणीला आलेले साहेब हजेरीपुस्तक चाळतात, टेबलाखाली कुणी डोकावत नाही.

– एक दिवाणजी, जळगाव