वाटी कोणती, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की आपल्या पुरवणीत मोदकांची कृती येते आणि दिवाळीच्या आधी फराळाच्या कृती सुरू होतात. या कृती आता फक्त महाराष्ट्रात वाचल्या जात नाहीत. छापून आल्या त्याच दिवशी त्यांची कात्रणे न्यू जर्सी, लंडन, मेलबर्न, दुबई, सिंगापूर इथल्या मराठी घरांत फोनवर पोहोचतात आणि येत्या शनिवारी तिथे सोऱ्या बाहेर निघतो. म्हणून आमची एक मागणी आहे. प्रमाण ग्रॅम आणि मिलीलिटरमध्ये द्या, आणि जिन्नस नेमका कोणता हे अर्ध्या ओळीत सांगा. एवढ्याशा गोष्टीने काय काय वाचेल, ते विस्ताराने लिहीत आहोत.

वाटीने मोजणे चुकीचे नाही. पिठी आणि पाणी एकाच वाटीने घेतले तर वाटी लहान की मोठी, याने काहीच बिघडत नाही. कृतीत वाटीच्या शेजारी ‘मोठा चमचा’, ‘एक नारळ’, ‘एक पाकीट’ येऊन बसले की बिघडते. परदेशात वाटी म्हणून जे हाताला लागते, ते बहुतेक वेळा भाताच्या इलेक्ट्रिक कुकरबरोबर आलेले प्लास्टिकचे माप असते, सहसा 180 मिलीचे. अमेरिकेतला मोजायचा कप साधारण 237 मिलीचा, ऑस्ट्रेलियातला 250चा. मोठा चमचा, म्हणजे टेबलस्पून, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये 15 मिलीचा, ऑस्ट्रेलियात 20चा. आता ‘दोन वाट्या भाजणी, चार मोठे चमचे कडकडीत मोहन’ हे वाक्य घ्या. अमेरिकी कपाने आणि चमच्याने मोजणाऱ्या घरात 474 मिली भाजणीला 60 मिली तेल पडते. मेलबर्नमध्ये कुकरच्या मापाने भाजणी आणि तिथल्या चमच्याने तेल घेतले, तर 360 मिलीला 80. भाजणीच्या मानाने मोहन पावणेदोनपट झाले. अशी चकली सोऱ्यातून सुरेख पडते आणि तेलात गेली की विरघळते. मग दोष जातो भाजणीला, सोऱ्याला, नाहीतर ज्या सासूबाईंनी भाजणी पाठवली त्यांना.

कोरड्या पिठाचे तर एकाच कपातही एकमत नसते. मैदा चाळून हलक्या हाताने भरला तर अमेरिकी कपात 120 ग्रॅम मावतो, पिशवीत कप खुपसून काढला तर 150च्या आसपास. शंकरपाळे एकदा खुसखुशीत आणि पुढच्या वेळी दगड, याचे कारण पुष्कळदा इतकेच असते. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आता सगळीकडे स्वस्तात मिळतो. त्याला लागणारा आकडा तेवढा छापील कृतीत नसतो.

मंडळांसाठी तर हे फारच महत्त्वाचे आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून. गणपतीचा मोठा कार्यक्रम अनेक ठिकाणी शनिवार-रविवारी होतो आणि मोदक घराघरांत वाटून दिले जातात. पंधरा-वीस घरांतून एकाच कृतीने केलेले मोदक एका ताटात आले की कोणाच्या घरची वाटी केवढी, ते लांबूनही दिसते.

जिन्नसांच्या नावांचा घोळ याहून मोठा आहे. मोदकाची पिठी हे त्याचे ठळक उदाहरण. ‘तांदळाचे पीठ’ एवढेच वाचून दुकानात गेलेल्या माणसासमोर निदान तीन पाकिटे असतात. एक साध्या तांदळाचे, एक चिकट तांदळाचे, एक सडीच्या तांदळाचे, जाडसर दळलेले. चिकट तांदळाच्या पिठाला जपानी दुकानात ‘मोचिको’ म्हणतात, काही पाकिटांवर ‘स्वीट राइस फ्लोअर’ असते, आणि ‘मोदक गोडच असतात’ म्हणून तेच उचलले जाते. त्याची उकड गोंदासारखी ताणते. पाकळ्या पाडता येतात, पण वाफेत मोदक बसतो आणि चाळणीला चिकटून राहतो. तीन हत्तींच्या डोक्याचे चित्र असलेले थायलंडचे पीठ आशियाई दुकानांत हमखास मिळते. त्यातले लाल अक्षरांचे पाकीट साध्या तांदळाचे, हिरव्या अक्षरांचे चिकट तांदळाचे. लाल घ्यावे. हे पीठ पाण्यात दळलेले आणि फार मऊ असते, आणि परदेशात मिळणाऱ्या पिठांत मोदकाला हेच सर्वांत चांगले, असे आमचे स्पष्ट मत आहे. आंबेमोहोराचा वास मात्र त्याला नाही.

जाडसर पीठच हाती लागले तर वेगळीच अडचण येते. कण मोठे असल्याने झाकणाखालच्या दोन मिनिटांच्या वाफेत ते आतपर्यंत शिजत नाहीत. मग पारीच्या कडेला चिरा पडतात आणि पाकळी टोकाशी तुटते. यावर उपाय सोपा आहे. उकड काढल्यावर भांडे झाकून दहा मिनिटे ठेवावे, मग त्या गोळ्याला चाळणीत पुन्हा पाच मिनिटे वाफ द्यावी आणि गरम असतानाच ओल्या हाताने मळावे. गोठवलेला खोवलेला नारळ आधी पूर्ण सुटू द्यावा आणि सुटलेले पाणी आटवून मगच गूळ घालावा. नाहीतर सारण पातळ राहते आणि मोदक बुडातून फुटतो. घाईने फार आटवले तर थंड झाल्यावर सारण चिवट होते, हेही लक्षात असू द्यावे.

बाकीची नावे भराभर सांगतो. आपल्याकडचे ‘कॉर्नफ्लोअर’ ब्रिटनमध्ये त्याच नावाने मिळते. अमेरिकेत त्याला ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात आणि तिथले ‘कॉर्न फ्लोअर’ म्हणजे मक्याचे पीठ, ज्याचा हलवा पिठल्यासारखा रवाळ होतो. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या ‘सेल्फ-रेझिंग’ मैद्यात बेकिंग पावडर आधीच असते, त्याच्या करंज्या तेल पितात आणि शिवणीत उलतात. ब्रेडच्या मैद्यात प्रथिने जास्त, म्हणून पारी लाटली की आखडते. इटालियन दुकानातला पिवळसर रवा डुरम गव्हाचा असतो. लाडवाला चालतो, पण भाजायला आणि पाकात मुरायला जास्त वेळ घेतो. अमेरिकी दुकानांतले ‘गार्बान्झो’ पीठ काबुली चण्याचे असते, आपले बेसन हरभऱ्याच्या डाळीचे. भाजताना वास वेगळा येतो आणि लाडू फिकट होतात.

साखरेत एक छुपी अडचण आहे. बाजारातल्या पिठीसाखरेत गोळे होऊ नयेत म्हणून बहुधा स्टार्च घातलेला असतो, अमेरिकेत साधारण 3 टक्के. बेसनाच्या लाडवात तो कच्चट, खडूसारखा लागतो. साधी साखर मिक्सरमधून काढावी, काम संपले. गुळाऐवजी ब्राउन शुगर घेऊ नका, ती बहुतेक वेळा शुद्ध साखरेला मळी लावून केलेली असते. भारतीय दुकान लांब असेल तर लॅटिन अमेरिकी दुकानात कोलंबियाचा ‘पनेला’ किंवा मेक्सिकोचा ‘पिलोनसियो’ शोधा, जपानमध्ये ओकिनावाची ‘कोकुतो’. तिन्ही उसाचा रस आटवूनच केलेले असतात. गुळाची पोळी पनेलाची फार छान होते.

‘मध्यम आच’ या शब्दांचा काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर काही अर्थ उरत नाही. बटण बंद केले तरी ती कितीतरी वेळ तापलेली राहते, त्यामुळे ‘गॅस बंद करा’ असे वाचून थांबलेल्या माणसाचा रवा कढईतच करपतो. तिथे लिहायला हवे, ‘भांडे शेगडीवरून उतरवा’. फोडणीचेही तेच. तेलासाठीही अंश सांगितले तर बरे होईल. चकलीला 170 ते 180 अंश सेल्सिअस, करंजीला 150 ते 160 पुरते. पाकाचा एकतारी टप्पा साधारण 105 अंशांच्या आसपास येतो. पण आकड्याबरोबर बोटांची खूणही छापाच, कारण उंचीवर आकडे बदलतात. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून 1,600 मीटरवर आहे, तिथे पाणी सुमारे 95 अंशांनाच उकळते आणि पाकाचा आकडाही पाचने उतरतो. तार मात्र तिथेही तारच असते.

आणि धूर. परदेशातल्या पुष्कळ फ्लॅटमधला शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत घरातच सोडतो. सुक्या मिरचीच्या फोडणीने छतावरची धुराची घंटा वाजते, ती यामुळे. मोहरी तडतडल्यावर भांडे उतरवून मिरची शेवटी घातली तर घंटाही गप्प राहते आणि मिरचीही काळी पडत नाही.

मराठी घरांतले विनोद यातूनच जन्मतात. घंटा वाजली की शेजारी समजतात, आज आमटी आहे. पाकळ्या न पडलेल्या मोदकाला मंडळात कचोरी म्हणून वाढतात, मोडलेल्या चकलीला नवा चिवडा. अनारसा हसला, म्हणजे तेलात विरघळून पसरला, की बाकीचेही हसतात. हे हसणे आम्हाला मनापासून आवडते, त्याच्या आधारावर पुढच्या वर्षी पुन्हा पीठ भिजवले जाते. पण नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवाळीत अर्धा किलो भाजणी फेकावी लागली की तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. त्याच्या हाताची चूक नसते. कृतीतल्या एका शब्दाचा अर्थ तिथे वेगळा असतो, आणि ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

‘परदेशी फराळ पाठवताना’ असे लेखही दिवाळीच्या सुमाराला येतात. त्यांत डबा कसा बांधावा हे असते, खसखशीबद्दल क्वचितच. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर इथे खसखस आणायला बंदी आहे, आणि अनारशांना वरून व करंजीच्या सारणात खसखस असतेच. त्या देशांत फराळ जाणार असेल तर अनारसे वगळा आणि करंजीत तीळ घाला, हे ठळक अक्षरात छापा. ब्रिटन आणि युरोपीय संघात भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, बर्फी, तूप पाठवण्याचा खर्च वाया जातो. अमेरिकेत धान्य पोखरणाऱ्या खाप्रा भुंगेऱ्याच्या भीतीने प्रवाशांच्या सामानातून आपला तांदूळ नेऊ देत नाहीत. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना जाहीर करावी लागते, लपवली तर दंड होतो.

आम्हाला हवी तशी कृती किती जागा घेते, ते दिसावे म्हणून मोदकाचीच खाली देत आहोत.

साध्या तांदळाची बारीक पिठी (चिकट तांदळाची नव्हे) 150 ग्रॅम, पाणी 225 मिली, तूप 5 ग्रॅम, चिमूटभर मीठ. सारणाला खोवलेला ओला नारळ 200 ग्रॅम, चिरलेला गूळ 110 ग्रॅम, वेलदोडा. पाणी, तूप, मीठ उकळून पिठी घाला, ढवळा, भांडे शेगडीवरून उतरवून झाकून 10 मिनिटे ठेवा. गरम असताना मळा. भेग पडली तर एकेक लहान चमचा (5 मिली) कोमट पाणी वाढवा. पारीला 30 ग्रॅम उकड, आत 22 ग्रॅम सारण. 12 मोदक होतात. पाणी उकळल्यावर चाळणी ठेवून 10 ते 12 मिनिटे वाफवा.

कळावे,
परदेशात मराठी स्वयंपाक करणारे काही वाचक